मेळघाट : पहाटे सफारी, दुपारी कोरकू गाव. एका दिवसाच्या ट्रिपचा रिव्ह्यू

ज्यांना फक्त वाघ बघायचाय आणि बाकी कशाशी देणंघेणं नाही त्यांनी सरळ ताडोबाला जावं, हे आधीच सांगून टाकते. मेळघाटात वाघ आहेत, १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला हा एक आहे, पण हे जंगल म्हणजे सातपुड्याचे डोंगर, खोल दऱ्या, त्यात बफर (गाभ्याभोवतीचा पट्टा) धरून साधारण २७६८ चौ. किमी एवढा पसारा, तिथे वाघ रस्त्यावर येऊन बसत नाही. आम्हाला दिसला नाही. तरी गेल्या काही वर्षांत ज्या ज्या जंगलांत गेलोय त्यात ही ट्रिप मला सगळ्यात आवडली आणि का आवडली ते नीट लिहिते, कारण याबद्दल मराठीत धड माहिती मिळत नाही, जे मिळतं ते सगळं चिखलदऱ्याचे पॉइंट आणि रबडी.

ट्रिप अशी आहे. सेमाडोहच्या बाजूच्या एका गावातली काही पोरं मिळून हे करतात. पहाटेची सफारी वनविभागाचीच, तिचं बुकिंग वेगळं आणि ते तुम्हीच ऑनलाइन करायचं, फक्त गाइड म्हणून गावातलाच मुलगा मिळेल असं ते बघतात. सफारी संपली की त्याच्यासोबत गावात जायचं, तिथे जेवण, मग गावात आणि गावाच्या कडेने शेतांतून फेरी, चारच्या सुमारास तुम्ही मोकळे. एवढंच. बोनफायर नाही, डीजे नाही, टेंट नाही. आम्ही चौघं होतो, मी, नवरा, आमची पाचवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई अचलपूरच्या, त्यामुळे मेळघाटाच्या पायथ्याशी आयुष्य गेलं त्यांचं पण आत कोरकूंच्या घरात जेवायला कधी बसल्या नव्हत्या, हे त्यांनीच सांगितलं.

एका दिवसाची ट्रिप म्हणत असले तरी आदल्या रात्रीच पोचा. परतवाड्याहून घटांग करत सेमाडोहला जाणारा रस्ता घाटाचा आहे, वळणं खूप, अंधारात आणि झोपेत गाडी चालवून पहाटे गेटवर हजर होणं धोक्याचं आहे आणि त्या रस्त्यावर रात्री जनावरं आडवी येतात तेही लक्षात घ्या. सेमाडोहला वनविभागाचं पर्यटक संकुल आहे तिथे राहता येतं, साधं आहे. स्वतःची गाडी नसेल तर परतवाडा-धारणी एसटी सेमाडोहला थांबते. परतवाड्यातच पेट्रोल भरा आणि कॅश काढा.

आता सफारी. आम्ही होळीच्या आधीच्या आठवड्यात गेलो होतो. सागाची पानं गळून गेलेली, खाली सगळा पाचोळा, त्यामुळे लांबपर्यंत दिसतं आणि पाचोळ्यावर साधा मुंगूस चालला तरी आवाज येतो. पळस पेटलेला. पहाटे थंडी होती, उघड्या जिप्सीत चांगलीच लागते, लहान मुलं असतील तर कानटोपी घ्याच, नऊनंतर तेच सगळं काढून मांडीवर घेऊन बसावं लागतं.

पहिला अर्धा पाऊण तास काहीच दिसलं नाही. आमचा गाइड पंचविशीतला मुलगा, कमी बोलणारा, पण जे बोलेल ते कामाचं. बाकी ठिकाणी मी बघितलंय की गाइड सारखा वॉकीटॉकीवर, अमुक वाघीण तमुक पाणवठ्यावर, मग सगळ्या गाड्या तिकडे धावणार. इथे असं काही नाहीच. हा गाडी थांबवायचा, इंजिन बंद करायला लावायचा आणि म्हणायचा, "ताई, दोन मिनिट ऐका." मग सांबराचा एक आवाज, लांबून, मग परत शांत. सांगायचा की एकदाच ओरडला म्हणजे नुसती शंका आली, थांबून थांबून ओरडत राहिला असता तर खाली नाल्यात कुणीतरी चालतंय असं समजायचं. माझ्या मुलीला हे एवढं आवडलं की नंतर पूर्ण वेळ ती कान देऊन बसली होती, आणि जी मुलगी घरी पाच मिनिट गप्प बसत नाही ती.

गवे दिसले, चांगला कळप, पिल्लं धरून. मेळघाटातले गवे बघायलाच खरं तर लोकांनी यायला हवं, एवढं प्रचंड जनावर आणि चढावर पळताना असं हलकं पळतं. रानकुत्री लांबून, उतरून गेली लगेच. अस्वलाची ताजी विष्ठा, सांबर, मोर, रानकोंबडा, हे सगळं. आणि रानपिंगळा.

रानपिंगळ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण माझ्या मते मेळघाटात येण्याचं हे एक फार मोठं कारण आहे आणि अर्ध्या लोकांना ते माहीतच नसतं. हा छोटा घुबडाच्या जातीचा पक्षी, १८८४ नंतर कुणालाच दिसला नव्हता. नामशेष झाला असं धरून चालले होते. मधे एका ब्रिटिश कर्नलने १९१४ साली गुजरातेत मिळवला अशी नोंद केली होती, ती नंतर खोटी निघाली, म्युझियममधला जुनाच नमुना चोरून नवीन लेबल लावलं होतं त्याने. पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी ते उघडकीस आणलं आणि मग त्यांच्याच टीमला १९९७ साली आपल्या शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! आणि आता त्याचं महत्त्वाचं घर म्हणजे मेळघाट. हा दिवसा फिरतो, त्यामुळे सकाळच्या सफारीत दिसायची शक्यता असते. साधा पिंगळा आपल्या गावाकडे विजेच्या तारेवर बसलेला असतो त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नाहीतच आणि छातीवर गडद जाड पट्टे. आमच्या गाइडने आधी आवाज ओळखला, मग सागाच्या वाळक्या फांदीवर बोट दाखवलं. ऊन घेत बसला होता, शेपटी मधेच इकडे तिकडे झटकत. दुर्बीण नसती तर मला फांदीचाच तुकडा वाटला असता, तेव्हा दुर्बीण न्या, कॅमेरा नसला तरी चालेल.

पण सफारीतली जी गोष्ट डोक्यात राहिली ती जनावर नाहीये. एका ठिकाणी जंगल उघडं होतं आणि मोठं गवताचं मैदान लागतं, आम्ही म्हटलं वा काय मस्त कुरण आहे. गाइड म्हणाला, इथे गाव होतं. मग नीट बघितल्यावर दिसायला लागतं, ओळीने आंब्याची मोठी झाडं, एका ठिकाणी दगडांचा चौथरा, कडेला मोहाची झाडं जी कुणाकुणाच्या मालकीची होती ते त्याला पाठ होतं. त्याची आत्या या गावात दिलेली. व्याघ्र प्रकल्पातली गावं पुनर्वसनात बाहेर काढली, कोहा, कुंड, बोरी ही सगळ्यात आधी, खाली अकोट तालुक्यात नेली, मग हळूहळू बाकीची. त्याची आत्या पण आता तिकडे सपाटीला राहते. मी विचारलं बरं चाललंय का त्यांचं. तो म्हणाला रस्ता आहे, दवाखाना जवळ आहे, लाइट आहे, पण मोह नाही, बांबू नाही, आणि मिळालेले पैसे किती वर्ष पुरणार. काही कुटुंबं तर परत जंगलात येऊन बसली होती, त्यावरून वाद, मारामाऱ्या झाल्या, त्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आणि हेही तोच म्हणाला की गाव गेल्यावर गवत आलं आणि गवत आलं म्हणून गवे वाढले, सांबर वाढलं. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या तोंडून, कुठेही आवाज न चढवता. हे तुम्हाला कुठल्या माहितीपटात मिळणार नाही आणि नुसती सफारी करून निघून गेलात तरी मिळणार नाही. आधी जंगल आणि मग गाव, हा जो क्रम त्यांनी ठेवलाय तो अगदी बरोबर आहे.

मग गाव. कोरकू गावाची रचना बघण्यासारखी असते, मधे एक सरळ रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची ओळ, एकाला लागून एक. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती मातीने लिंपलेल्या, वर कवेलू म्हणजे कौलं, आता बरीच पत्र्याची आणि सिमेंटची पण झालीयेत. अंगण एवढं स्वच्छ की आम्ही गाडीतून उतरून चपला कुठे काढाव्या याच विचारात. एक गोष्ट इथे सांगते कारण आमच्या ग्रुपवर पण लोक घोळ घालतात, कोरकू म्हणजे गोंड नव्हेत. गोंडी ही द्रविडी भाषा, कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे भाषेने यांचे नातेवाईक तिकडे झारखंडातले संथाल आणि मुंडा. एवढ्या पश्चिमेला त्या कुळातलं दुसरं कोणी नाही. गावात आमच्याशी मात्र सगळे हिंदी आणि वऱ्हाडी मिसळून बोलत होते, सासूबाईंची तर लगेच गट्टी जमली एका आजींशी, दोघी ओसरीवर बसून गुडघेदुखीवर अर्धा तास बोलल्या.

जेवण ज्या घरी होतं त्यांनी कुटकीचा, म्हणजे एका भरडधान्याचा, भात केला होता. बारीक दाणा, जरा मोकळा, चवीला आपल्या वरईच्या जवळ जातो पण जास्त खमंग. त्यावर तुरीचं घट्ट वरण, मक्याची भाकर, वांग्याची रस्सा भाजी, जवसाची चटणी, पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर. नंतर भाजलेली मोहाची फुलं थोडी. मुलीला मोह आवडला नाही, वासाने. आम्हाला आवडला. तेल कमी, तिखट भरपूर, लहान मुलांसाठी आधी सांगून ठेवा. कोदो-कुटकीला शहरात आता मिलेट म्हणून भाव आलाय, इथे मात्र बऱ्याच शेतांत सोयाबीन आलंय, कुटकी घरच्यापुरती तुकड्यात पेरतात असं घरातल्या ताई सांगत होत्या, आणि जेवायला पाहुणे येतात म्हणून यंदा जरा जास्त पेरली म्हणाल्या. हे ऐकून मला खरंच फार बरं वाटलं.

जेवणानंतर फेरी. गावाच्या बाहेर मोठ्या झाडाखाली कोरीव लाकडी खांब उभे आहेत, त्यांना मुंडा म्हणतात, गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी उभारतात, त्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावर बसलेला माणूस असं कोरलेलं असतं. काही इतके जुने की नक्षी पुसत आलीये. इथे फोटो काढू का असं आम्ही विचारलं तर गाइडने आधी जवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, ते म्हणाले लांबून काढा, हात लावू नका. एवढं साधं. मला हे फार पटलं की तो स्वतः गावचा असून परस्पर हो म्हणाला नाही.

गावात तेव्हा गर्दी होती, लहान पोरं, तरुण मंडळी, आणि ती का होती तेही कळलं. एरवी अर्धं गाव बाहेर असतं. वीटभट्ट्या, बांधकामं, शहरात मिळेल ते काम, आणि होळीला मात्र सगळे परत येतात. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी, दिवाळी नाही. पाच पाच दिवस चालते, फगवा म्हणजे होळीची बक्षिशी मागतात, मेघनाथाची यात्रा भरते, हो, रावणाचा मुलगा मेघनाथ, त्याला हे मानतात. ज्या घरी आम्ही जेवलो तिथला थोरला मुलगा आदल्याच दिवशी पुण्याहून आला होता, आमच्या घरापासून फार लांब नाही अशा साइटवर काम करतो. नवऱ्याने आणि त्याने बराच वेळ त्या भागातल्या ट्रॅफिकवर, पाण्याच्या टँकरवर गप्पा मारल्या. मेळघाट म्हटलं की आपल्याला पेपरातलं कुपोषण आठवतं आणि ते खोटं नाहीये, ज्या डॉक्टर कोल्हे दांपत्याला बैरागडच्या कामासाठी २०१९ ला पद्मश्री मिळाली त्यांनी आयुष्य त्यातच घातलं, पण माणसं म्हणजे फक्त ती बातमी नाही आणि एक दुपार तिथे बसलं की हे आपोआप समजतं, कुणी भाषण द्यावं लागत नाही.

आता जे आवडलं नाही ते.

नाच. आम्ही सांगितलं नव्हतं तरी तीनच्या सुमारास गदली-सुसून होईल म्हणून बायका आणि पुरुष जमले, ढोल, बासरी. नाच सुंदर आहे, हातात हात गुंफून ओळीने, पावलं अगदी एकसारखी, बासरीवाल्या काकांचं तर काय सांगू. पण भर उन्हात, खुर्च्या मांडून, आम्ही चार जण बघणारे आणि समोर पंधरा वीस माणसं नाचणारी, हे मला बरोबर वाटलं नाही. काही बायका शेतातून आलेल्या, चेहऱ्यावर थकवा दिसत होता. गाइडला नंतर शांतपणे विचारलं तर म्हणाला, आधीचे लोक सगळे हेच मागतात, डान्स नाही तर पैसे वसूल नाही म्हणतात. म्हणजे दोष यांचा नाहीच, आपला आहे. माझी त्या पोरांना विनंती आहे की हे पॅकेजमधून काढून टाका. होळीत, लग्नात नाच होतोच, ज्याला बघायचाय तो तेव्हा येईल. त्या वेळात त्या बासरीवाल्या काकांनी बसून बासरी कशी करतात ते दाखवलं तरी आम्ही तासभर हललो नसतो.

दुसरं, टॉयलेट. शाळेचं वापरायला देतात, स्वच्छ होतं पण लांब आहे आणि पाणी बादलीने न्यावं लागतं, सासूबाईंना त्रास झाला. घरात वयस्कर माणसं असतील तर हे बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या.

तिसरं त्यांच्याकडून नाही, पर्यटकांकडून. आमच्याच वेळी दुसरी एक गाडी आली होती, त्यातल्या लोकांनी न विचारता घरांमध्ये डोकावून फोटो काढले आणि पोरांना चॉकलेटं फेकली, अक्षरशः फेकली. त्यानंतर पोरं आमच्या गाडीमागे पण हात पसरून धावली. कृपा करून हे करू नका. काही द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींना विचारून वह्या, गोष्टीची पुस्तकं द्या.

पैशांचं. सफारीचे वनविभागाचे दर गेटवर लिहिलेले असतात ते वेगळे, गावचे आम्ही माणशी पाचशे दिले, जेवण आणि फेरी धरून, मुलीचे अर्धे. त्यातले जेवणाचे थेट त्या घरच्या ताईंच्या हातात दिले, गाइडचे गाइडला, आणि एक ठरलेला भाग गावाच्या पेटीत जातो, त्याची वही आम्हाला न मागता दाखवली. याच्या उलट, निघायच्या आधी आम्ही शहरातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडे चौकशी केली होती, त्याने "ट्रायबल व्हिलेज एक्स्पीरियन्स" म्हणून याच्या चौपट सांगितले होते आणि गावाला त्यातले किती मिळतात यावर उत्तर दिलं नाही. तेव्हा कुणाकडूनही बुक करा, पण हा प्रश्न विचारा, आणि उत्तर देत नसेल तर दुसरीकडे जा.

वेळ असेल तर परतीच्या ऐवजी पुढे धारणीच्या बाजूला लवाद्याला जा, तिथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे, बांबूचं काम बघायला मिळतं आणि विकतही मिळतं. राख्या फेमस आहेत त्यांच्या. वाटेत कोलकास लागतं, तिथे सिपना नदीचं वळण वरून फार सुंदर दिसतं, थांबाच. हत्तीवरची सैर तिथे असते, आम्ही केली नाही, मला मनाला पटत नाही, ज्याचं त्याने ठरवावं.

कधी जावं? पावसाळ्यात कोअरमधल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातल्या, सफारी बंद असतात हे धरून चाला. नोव्हेंबर ते मार्च उत्तम, जनावरं बघायची तर एप्रिल-मे पण मग गावात दुपारी फिरणं अवघड, ऊन फार. दिवाळीनंतरच्या आठवड्यात धारणीकडच्या बाजारांच्या गावांमध्ये घुंगरू बाजार भरतो, गुरं राखणारे थाट्या लोक घुंगरू बांधून, बासरी वाजवत बाजारात नाचतात, तो कुणासाठी मांडलेला कार्यक्रम नाही, त्यांचा स्वतःचा आहे. आमचं पुढचं जाणं तेव्हाचंच ठरलंय. सासूबाईंनी ओसरीवरच्या आजींना तसं सांगूनच ठेवलंय.

बुकिंग करताना जेवायला नक्की किती माणसं आहेत ते दोन दिवस आधी फोन करून सांगा आणि मग त्यात बदल करू नका. कुटकी आदल्या दिवशी उखळात कांडून ठेवतात, चार माणसांची कांडायला एका बाईची अख्खी संध्याकाळ जाते.